सर्व्हर सांभाळणाऱ्याने सिक्युरिटीत कोणत्या दाराने यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षं लिनक्स आणि विंडोज सर्व्हर सांभाळले, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतली खाती आणि मशीन एका जागी सांभाळणारी विंडोजची यंत्रणा), बॅकअप, व्हर्च्युअलायझेशन नीट येतं, नेटवर्किंग कामापुरतं येतं, आणि आता माहिती सुरक्षेत यायचंय. आधी कोणतं सर्टिफिकेट करू? प्रोग्रामिंग शिकावंच लागेल का? आणि पुन्हा फ्रेशरसारखं तळापासून सुरू करावं लागेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर पटलं की बाकीचे दोन बरेच सोपे होतात. तळापासून सुरू करायची गरज नाही. तसं केलंत तर जवळची पुंजी बाहेर ठेवून रिकाम्या हाताने आत शिराल. सिक्युरिटीत यायचं ठरलं की बहुतेक अ‍ॅडमिन पहिल्याच आठवड्यात काली लिनक्स उतरवून घेतात, मेटास्प्लॉइट या हल्ल्याच्या साधनाचे व्हिडिओ बघायला लागतात आणि पेन्टेस्टर (परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधणारा) व्हायचं मनावर घेतात. त्या रांगेत रोज रात्री सीटीएफ (हॅकिंगच्या स्पर्धा) खेळणारी, नुकती शिकून बाहेर पडलेली मुलं उभी आहेत आणि त्या खेळात ती तुमच्यापेक्षा चपळ आहेत. तुमची जमेची बाजू वेगळी आहे. चालत्या, गुंतागुंतीच्या, अर्धवटच कागदावर उतरलेल्या यंत्रणेत रोजचं चित्र कसं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. रात्री दोनला कोणता जॉब चालतो, कोणतं सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्राम वापरतो ते खातं) कुठल्या मशीनवरून लॉगिन होतं, महिनाअखेरीला डेटाबेसवर ताण का येतो. हे कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि घुसखोर शोधण्याचं काम तर सगळं याच माहितीवर उभं असतं.

याची दोन उदाहरणं मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. १९८६ साली क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सिस्टिम सांभाळायच्या कामाला लागला होता. संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत येत होती आणि ती शोधायचं काम त्याच्याकडे आलं. एवढ्या किरकोळ फरकाकडे दुसऱ्या कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तो मात्र मागे लागला, प्रिंटर जोडून घुसखोराची एकेक कमांड कागदावर उतरवत राहिला, आणि धागा पश्चिम जर्मनीतून केजीबीला माहिती विकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला. दुसरं उदाहरण मार्च २०२४ मधलं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड डेबियन लिनक्सच्या अस्थिर आवृत्तीवर परफॉर्मन्सची मोजमापं घेत होता. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि ते लॉगिन हाताळणारा एसएसएचडी उगाच सीपीयू खातोय, एवढंच त्याला खटकलं. त्या खटकण्यातून एक्सझेड युटिल्स या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेलं बॅकडोअर (चोरदार) बाहेर आलं. मोठ्या लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत ते उतरण्याआधी सापडलं म्हणून बचावलो. दोघांपैकी एकाचाही हुद्दा सिक्युरिटीतला नव्हता आणि दोघांनाही कोणत्या महागड्या उपकरणाने अलर्ट पाठवला नव्हता.

मोठ्या घटनांचे अहवालही वाचा. त्यात तुम्हाला स्वतःच्याच तिकिटांच्या रांगेतली तिकिटं दिसतील. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) १२ मे २०१७ रोजी पसरला. विंडोजच्या एसएमबी या फाइल-शेअरिंग पद्धतीतल्या ज्या त्रुटीवर तो चालला, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीतून त्याच वर्षी सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. अपाचे स्ट्रट्स या वेब सॉफ्टवेअरची त्रुटी जाहीर झाली होती, पॅच करा असा निरोपही आत फिरला होता, पण ज्या सर्व्हरवर स्ट्रट्स होतं तो कोणाच्या यादीत नीट सापडलाच नाही. वर कडी म्हणजे ट्रॅफिक तपासणाऱ्या उपकरणाचं सर्टिफिकेट कधीच संपलं होतं, त्यामुळे एन्क्रिप्टेड ट्रॅफिक न तपासताच निघून जात होतं. जुलैअखेरीस ते सर्टिफिकेट नवं केलं आणि लगेच संशयास्पद ट्रॅफिक दिसलं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या असंख्य प्रोग्राममध्ये वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीची त्रुटी आली तेव्हाही बहुतेक ठिकाणी पहिले काही दिवस एकाच प्रश्नात गेले: हे आपल्याकडे नेमकं कुठे कुठे बसलेलं आहे? मशीनची यादी, पॅच, सर्टिफिकेटच्या मुदती, कोणत्या सर्व्हरचा मालक कोण. ही कामं तुम्ही आजही करता.

मग नवीन काय शिकायचं? माझ्या मते तंत्रापेक्षा सवयी बदलायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅडमिनच्या अंगात सेवा पूर्ववत करण्याची घाई मुरलेली असते. सर्व्हर विचित्र वागतोय? सर्व्हिस रीस्टार्ट. तरी नाही? रीबूट. तरी नाही? इमेजवरून नवा उभा करा. कामाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण तपासाच्या दृष्टीने प्रत्येक पायरीला पुरावा पुसला जातो. रीबूट केलं की मेमरी गेली, म्हणजे चालू प्रोसेस, उघडी कनेक्शनं आणि डिस्कवर कधी न आलेला कोड, सगळं गेलं. जे सर्वात लवकर नाहीसं होतं ते आधी गोळा करा, हा नियम २००२ च्या आरएफसी ३२२७ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजामध्ये स्वच्छ मांडलेला आहे. दस्तऐवज छोटा आहे, आज रात्रीच वाचून टाका. मशीन बंद न करता नेटवर्कपासून तोडायची, आधी मेमरीची प्रत घ्यायची, मग डिस्कची, कोणी कधी काय केलं ते वेळेसकट लिहून ठेवायचं. आणि घुसखोर आत कुठून आला हे कळल्याशिवाय नवी इमेज चढवायची नाही, नाहीतर तो त्याच वाटेने पुन्हा येतो. समोर धंदा ठप्प असताना आणि डोक्यावर साहेब उभे असताना हे पाळणं कठीण जातं.

दुसरी सवय परवानग्यांची. अडलेलं काम सुटावं म्हणून सर्व्हिस अकाउंटला डोमेन अ‍ॅडमिन करणं, सुडोमध्ये (लिनक्सवर रूटचे अधिकार उसने देणारी सोय) सगळ्या कमांड खुल्या सोडणं, फायरवॉलचा ‘तात्पुरता’ नियम वर्षानुवर्षं तसाच राहणं. हे का घडतं ते तुम्हाला आतून माहीत आहे. म्हणूनच सिक्युरिटीत आल्यावर तुम्ही अ‍ॅडमिनवर डाफरण्याऐवजी त्याला कामात न अडकवणारा पर्याय सुचवू शकाल. हे फार थोड्यांना जमतं.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना आत आल्यावर कळते आणि मग बोचते. रूट पासवर्ड तुमच्या हातातून जातो. आतापर्यंत चूक दिसली की तुम्ही दुरुस्त करत होता. आता चूक दिसली की तुम्ही ती लिहिता, तिचा धोका समजावता, दुसऱ्या टीमला पटवता, आणि त्यांनी ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हटलं की शांतपणे पाठपुरावा करता. ज्याला हाताने काम केल्याशिवाय दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटत नाही, त्याने याचा नीट विचार करावा. अशांसाठीही जागा आहे, खाली सांगतो, पण हुद्द्यात ‘सिक्युरिटी’ असलेल्या बऱ्याच नोकऱ्यांत निम्मा दिवस लिहिण्या-बोलण्यात जातो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. माझा आग्रह असा की नोकरी बदलण्याआधी सहा महिने आहे त्या नोकरीतच सिक्युरिटीचं काम अंगावर घ्या. बहुतेक ठिकाणी ते करायला दुसरं कोणी नसतं, त्यामुळे नाही कोणी म्हणणार नाही.

पहिलं, लॉग एका जागी आणा. त्यासाठी वाझू किंवा इलॅस्टिक, जे साधन जमेल ते. विंडोजवर सिसमॉन (जास्त तपशिलाचे लॉग ठेवणारं साधन) बसवा. प्रोसेस सुरू झाल्याची नोंद, म्हणजे इव्हेंट ४६८८, मुळात बंद असते. ती चालू करा आणि तिच्यात कमांड लाइन उतरण्याची सोय वेगळी चालू करावी लागते, तीही करा. मग थोड्याच नोंदींशी ओळख वाढवा: ४६२४ यशस्वी लॉगिन (त्यात प्रकार ३ म्हणजे नेटवर्कवरून, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप), ४६२५ फसलेलं लॉगिन, ४७२० नवं खातं, ४७३२ लोकल ग्रुपमध्ये भर, ७०४५ नवी सर्व्हिस, ४६९८ नवा शेड्यूल्ड टास्क, ११०२ सिक्युरिटी लॉग पुसला. लिनक्सवर ऑडिटडी ही नोंदी ठेवणारी सेवा चालू करा आणि ऑथराइज्ड कीजच्या (एसएसएचने कोण शिरू शकतो त्या) फाइली, ठरल्या वेळी कामं चालवणारे क्रॉन आणि सिस्टिमडीचे टायमर, आणि सुडोअर्स यांतला प्रत्येक बदल नोंदवा. यानंतर एक महिना फक्त वाचा. अलर्ट लावायची घाई करू नका. कोणता आवाज रोजचा आहे हे आधी कळू द्या, मग एकेक नियम लिहा. सिग्मा या खुल्या पद्धतीत लिहिलेत तर ते बहुतेक सीमवर (लॉग गोळा करून त्यांतून अलर्ट काढणाऱ्या प्रणालीवर) नेता येतात आणि मुलाखतीत दाखवताही येतात. प्रत्येक नियमापुढे तो माइटर अटॅकच्या (हल्लेखोरांच्या तंत्रांची खुली सूची) कोणत्या तंत्रासाठी आहे ते लिहून ठेवा. ती या क्षेत्राची बोलीभाषा आहे, बोलायची सवय लागली पाहिजे.

दुसरं, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली सर्व्हिस अकाउंट. केरबरोस्टिंग (सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड लॉगिनच्या तिकिटातून फोडण्याचा हल्ला) कसं चालतं हे समजून घेतलंत तर अर्धी आयडेंटिटी सिक्युरिटी (खाती आणि लॉगिनची सुरक्षा) कळली असं मी म्हणेन. एसपीएन (खातं कोणत्या सर्व्हिसचं ते सांगणारं नाव) लावलेल्या खात्याचं सर्व्हिस तिकीट डोमेनमधला कोणताही साधा वापरकर्ता मागू शकतो. त्या तिकिटाचा भाग खात्याच्या पासवर्डपासून बनलेल्या कीने एन्क्रिप्ट झालेला असतो. ते घरी नेऊन निवांत फोडत बसता येतं, आणि डोमेन कंट्रोलरला (लॉगिन तपासणाऱ्या मुख्य सर्व्हरला) चुकलेल्या लॉगिनची एकही नोंद दिसत नाही. आता तुमच्या डोमेनमध्ये एसपीएन असलेली खाती काढा, त्यांचे पासवर्ड शेवटचे कधी बदलले ते बघा. पाच-सात वर्षांपूर्वीच्या तारखा निघाल्या तर दचकू नका, निघतातच. जिथे चालेल तिथे ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटवर आणा, म्हणजे लांबलचक पासवर्ड डोमेनच बनवतं आणि आपोआप बदलतं. उरलेल्यांवर इव्हेंट ४७६९ ने नजर ठेवा, विशेषतः आरसी४ या जुन्या, कच्च्या एन्क्रिप्शनची तिकिटं मागितली जात असतील तर. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड सगळ्या मशीनवर एकच असेल तर लॅप्स (प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) बसवा. या एवढ्या कामात हल्ला, शोध आणि बचाव या तिन्ही बाजू तुमच्या हाताखालून जातात.

एक सूचना मात्र पाळाच. ब्लडहाउंडसारखं (डोमेनमध्ये हल्ल्याच्या वाटा शोधणारं) साधन कंपनीच्या डोमेनवर चालवायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. तुमच्याकडे डोमेन अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत म्हणजे तपासणीचीही परवानगी आहे असं होत नाही. चांगल्या हेतूने केलेल्या स्कॅनमुळे नोकरीवर गंडांतर आलेली माणसं या क्षेत्रात आहेत.

तिसरं, पॅचचा क्रम लावणं. स्कॅनर हजारो त्रुटींची यादी देतो आणि नवखा माणूस सीव्हीएसएसचा (त्रुटी किती गंभीर ते दहापैकी सांगणारा) आकडा बघून ९.८ वाल्यांपासून सुरू करतो. त्याऐवजी कोणत्या त्रुटींचा प्रत्यक्ष गैरवापर चाललाय ते आधी बघा. अमेरिकेची सिसा ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून अशी यादी चालवते, ती फुकट आहे. तिच्यातली त्रुटी तुमच्या इंटरनेटला तोंड असलेल्या मशीनवर असेल तर ती आज. कोपऱ्यातल्या, कुठूनही न दिसणाऱ्या सर्व्हरवरची ९.८ थांबू शकते. हा निवाडा कागदावर कारणासकट लिहायची सवय लावा.

बॅकअप तुम्हाला येतंच, म्हणून एकच प्रश्न: डोमेन अ‍ॅडमिनचं खातं हल्लेखोराच्या हातात गेलं तर तो तुमचे बॅकअप पुसू शकतो का? उत्तर ‘हो’ असेल तर रॅन्समवेअरपुढे ते बॅकअप नसल्यात जमा आहेत.

घरी लॅब हवी, पण तिचा बडेजाव नको. एक डोमेन कंट्रोलर, एक विंडोज क्लायंट, एक लिनक्स मशीन, लॉग गोळा करणारं एक. हल्ला चालवा आणि मग त्याच्या खुणा लॉगमध्ये शोधा. दिसल्या नाहीत तर का दिसल्या नाहीत हे शोधा. नुसता हल्ला यशस्वी करून समाधान मानणारे पुष्कळ असतात. खुणा शोधणारे कमी असतात आणि त्यांना नोकरी लवकर मिळते.

प्रोग्रामिंगचं उत्तर छोटं आहे. बॅश आणि पॉवरशेल तुम्हाला येतंच असणार. पायथनमध्ये लॉग फाइल वाचून, एपीआयला विचारून, जेसनमधून हवं ते काढता आलं की बहुतेक कामं होतात. मालवेअर उकलायचं किंवा अ‍ॅप्लिकेशन सिक्युरिटीत जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्हाला तिकडे जायची हौस दिसत नाही.

आत आल्यावर कोणत्या शाखेत? सॉकमधली (अलर्टवर सतत नजर ठेवणाऱ्या केंद्रातली) पहिल्या पातळीची नोकरी, म्हणजे पाळीत बसून अलर्ट उघडायचे आणि बंद करायचे, ती आठ वर्षांच्या अनुभवाने घेऊ नये असं माझं मत आहे. अगदीच दार उघडत नसेल तर वर्षभरासाठी ठीक. तुमच्यासाठी चार जागा योग्य: इन्सिडन्ट रिस्पॉन्स (घुसखोरी झाल्यावरचा तपास आणि बचाव), डिटेक्शन इंजिनिअरिंग (हल्ला ओळखणारे नियम लिहिणं), व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट (त्रुटींच्या दुरुस्तीचा क्रम आणि पाठपुरावा), आणि क्लाउड किंवा आयडेंटिटी सिक्युरिटी. हाताने काम करायची आवड असेल तर डिटेक्शन आणि क्लाउड. धावपळ सोसत असेल, रात्री-अपरात्री फोन चालत असेल तर इन्सिडन्ट रिस्पॉन्स, कारण तिथे बुडत्या यंत्रणेसमोर शांत राहणं लागतं आणि ते तुम्ही आधीच शिकला आहात. ऑडिट आणि अनुपालनाकडे अ‍ॅडमिन नाकं मुरडतात, पण सर्व्हर प्रत्यक्ष चालवलेला ऑडिटर दुर्मीळ असतो आणि त्याला कोणी फसवू शकत नाही. पेन्टेस्टिंग हवंच असेल तर तीन-चार वर्षं बचावाच्या बाजूने काढून जा. तोवर अहवालात ‘हे दुरुस्त करा’च्या पुढे काय लिहायचं ते कळलेलं असेल.

सर्टिफिकेटकडे मी गाळणी म्हणून बघतो. अर्ज चाळणारी व्यक्ती किंवा यंत्र ती नावं शोधतं, म्हणून एक असू द्या. सिक्युरिटी प्लस हे पायाभूत सर्टिफिकेट तुम्हाला फार जड जाणार नाही, शब्दसंग्रह पक्का होईल. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांच्या सर्टिफिकेटसाठी आठ विषयांपैकी किमान दोनांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो. अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट, पॅचिंग, बॅकअप असं तुमचं बरंच काम त्यात मोजता येतं, तेव्हा ‘मी अजून पात्र नाही’ असं परस्पर ठरवू नका. ओएससीपी या पेन्टेस्टिंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, वर अहवालाला २४ तास. परीक्षा चांगली आहे, पण ती हल्ल्याच्या बाजूची, म्हणून तुमच्या यादीत ती मागे. महागड्या कोर्सना स्वतःचा पैसा घालू नका. ते कंपनीच्या खर्चाने करायचे असतात.

सीव्हीमध्ये हुद्दा बदलायची गरज नसते, वाक्यं बदलावी लागतात. ‘२०० सर्व्हरांचं पॅचिंग केलं’ याऐवजी ‘इंटरनेटला तोंड असलेल्या सर्व्हरांवर गैरवापर सुरू असलेल्या त्रुटींची दुरुस्ती महिन्यावरून आठवड्यावर आणली, अपवाद लेखी ठेवले’ असं लिहा. खरं असेल तरच, कारण पुढचा प्रश्न ‘कशी आणली?’ हाच येणार.

मुलाखतीत मी हमखास विचारतो: एका सर्व्हरवरून रात्री अनोळखी आयपीकडे थोडं थोडं ट्रॅफिक जातंय, काय कराल? ‘फायरवॉलवर ब्लॉक करेन’ असं पटकन म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ऐकायचं असतं ते असं: कोणती प्रोसेस बोलतेय, तिला कोणी जन्म दिला, ती कोणत्या खात्याखाली चालतेय, कधीपासून, आणखी कोणती मशीन त्याच पत्त्याशी बोलतेय, आणि या सर्व्हरच्या रोजच्या वागण्यात हे बसतं का. मग तोडायचं कधी आणि कसं. कदाचित तो नव्याने बसवलेला मॉनिटरिंग एजंटही निघेल, आणि ती शक्यता बोलून दाखवणाऱ्याला मी जास्त गुण देतो.

तुम्हीही त्यांना दोन प्रश्न विचारा. अलर्टचे नियम टीम स्वतः लिहिते आणि बदलते, की विकत घेतलेले तसेच चालवते? आणि मागच्या वेळी एखादा अलर्ट खरा निघाला तेव्हा मशीन नेटवर्कवरून तोडण्याचा निर्णय कोणी घेतला, किती वेळात? ‘ईमेल पाठवून मंजुरीची वाट बघितली’ असं उत्तर आलं तर तिथे तुम्ही तिकिटं इकडून तिकडे ढकलत बसाल. पगार आताच्यापेक्षा जास्त देत असले तरी मी अशा ठिकाणी गेलो नसतो.